साथीचे दिवस आणि विद्यापीठाचे आवार

२०२१ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी परगावी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकत होता. एका सायंकाळी त्याला अंगात कणकण वाटू लागली. रात्री ताप भरला. त्याने तापाची गोळी घेतली, कोणाला काही सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे खाणावळीत जाऊन चौघांमध्ये जेवला. तिसऱ्या दिवशी त्याला उभेही राहवेना, तेव्हा तपासणी झाली आणि करोनाचे निदान झाले. त्याच आठवड्यात त्याच्या शेजारच्या खोल्यांतील चार मुले आजारी पडली, आणि खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशीही अंथरुणाला खिळल्या. मुले आठ-दहा दिवसांत हिंडूफिरू लागली. मावशींना मात्र बरेच दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. त्या वाचल्या, घरी परतल्या. पण त्या वर्षी त्यांना पुन्हा कामावर जाता आले नाही.

पुढे त्या मुलाशी माझे बोलणे झाले. मी जरा रागानेच त्याला विचारले, "तुला ताप आहे हे तुला कळत नव्हते का?" तो म्हणाला, "सर, कळत होते. पण सांगितले असते तर मला मागल्या खोलीत ठेवले असते." ही मागली खोली म्हणजे वसतिगृहाच्या पाठीमागची, मोडक्या खाटा ठेवण्याची जागा. तिला न्हाणीघर नव्हते. जेवणाचे ताट दाराशी ठेवून माणूस निघून जाई. आजाऱ्याचे नाव सूचनाफलकावर लावले जाई. आणि त्याच आठवड्यात त्याची प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. ती बुडाली असती तर पुन्हा केव्हा होईल हे कोणीच सांगितलेले नव्हते.

माझा राग ओसरला, असे मी म्हणणार नाही. मुलाची चूक ती चूकच. परंतु तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. साथीच्या काळात विद्यापीठाच्या आवारात कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार करताना आपण मुखपट्टी, अंतर, औषधफवारणी, दंड यांचीच यादी करीत बसतो. ज्याला ताप आला आहे त्याने तो सांगावा, यासाठी आपण काय करतो? आजच्या भाषणात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी २०२० व २०२१ या दोन वर्षांत काही विद्यापीठांना जो अनुभव आला त्याचा आधार घ्यावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, विद्यापीठाचे आवार हे साथीच्या दृष्टीने एक वेगळ्याच प्रकारचे गाव असते. या गावात हजारो तरुण माणसे एकाच छपराखाली झोपतात, एकाच पंगतीला जेवतात, दिवसातून चार-पाच वेळा एका दालनातून दुसऱ्या दालनात जातात. सुटीत ती देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगतात आणि सत्र सुरू होताच आठ-पंधरा दिवसांत पुन्हा एकत्र येतात. करोनाचा विषाणू तरुणांना बहुधा फारसा त्रास देत नाही. पुष्कळांना तर लागण झाल्याचे कळतही नाही. त्यातून या विषाणूची एक खोडी अशी की, लक्षणे दिसू लागण्याच्या आधीचे एक-दोन दिवस आणि नंतरचे काही दिवस माणूस सर्वांत अधिक संसर्ग पसरवितो. म्हणजे ज्या दिवशी मुलगा क्रिकेट खेळत असतो, त्या दिवशीच तो दुसऱ्यांना आजार देत असतो. आणि त्या आवारात केवळ तरुण नसतात. साठीला टेकलेले प्राध्यापक असतात, मधुमेह असलेले ग्रंथपाल असतात, पोळ्या लाटणाऱ्या मावशी असतात, फाटकावरचा रखवालदार असतो; आणि त्यांच्या घरी त्यांचे वृद्ध आईबाप असतात. लागण एकाला व्हावी आणि तिची किंमत दुसऱ्याने द्यावी, असा हा विषम व्यवहार आहे.

हे गाव नुसत्या सूचनांवर चालत नाही, याचा प्रत्यय अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपेल हिल येथील विद्यापीठाला अवघ्या एका आठवड्यात आला. तेथील वर्ग १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाले. मुखपट्टीचा नियम होता, अंतराच्या खुणा होत्या, जागोजाग सूचना होत्या. परंतु परत येणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांची तपासणी करण्याची व्यवस्था नव्हती. थोड्याच दिवसांत वसतिगृहांतून एकापाठोपाठ एक असे रुग्णांचे पुंजके आढळू लागले. आरोग्यकेंद्रात तपासलेल्यांपैकी बाधितांचे प्रमाण आठवड्याभरात शेकडा २.८ वरून १३.६ वर गेले. १७ ऑगस्टला विद्यापीठाने जाहीर केले की, पदवीचे वर्ग १९ तारखेपासून दुरूनच, संगणकाद्वारे चालतील. पंधरवड्यापूर्वी ट्रंका घेऊन आलेली मुले ट्रंका घेऊन परत निघाली.

मग दोष कोठे राहिला? लक्षणे दिसल्यावर तपासणी करू, हे धोरणच या आजारात उशिराचे ठरते. याविषयी ए. डेव्हिड पॅल्टिएल, एमी झेंग आणि रोशेल वॉलेन्स्की या तिघा अभ्यासकांनी जुलै २०२० मध्ये एक गणित प्रसिद्ध केले. त्यांनी ५,००० विद्यार्थ्यांचे एक काल्पनिक विद्यापीठ घेतले, त्यात सुरुवातीला १० बाधित आहेत असे धरले, आणि ८० दिवसांच्या सत्रात काय होईल याचा हिशेब मांडला. शंभर बाधितांपैकी केवळ सत्तरच ओळखू शकणारी, म्हणजे काहीशी आंधळी, अशी चाचणी जर आठवड्यातून एकदा केली तर सत्राअखेर १,८४० जणांना लागण होते. तीच चाचणी दर दोन दिवसांनी केली तर २४३ जणांना. आणि रोज केली तर १६२ जणांना. चाचणी किती अचूक यापेक्षा ती किती वेळा होते याला अधिक महत्त्व आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. दर दोन दिवसांच्या तपासणीचा खर्च त्यांनी एका विद्यार्थ्यामागे एका सत्राला सुमारे ४७० डॉलर धरला होता.

हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. पण रात्रीच्या गस्तीचे उदाहरण घ्या. एक रखवालदार मोठा झगझगीत दिवा घेऊन आठवड्यातून एकदा फेरी मारतो. दुसरा मिणमिणता कंदील घेऊन रोज रात्री दोनदा फिरतो. चोर कोणाच्या हाती लागेल? मिणमिणत्या कंदिलाला एखाद्या रात्री चोर दिसला नाही तरी दुसऱ्या रात्री दिसेल. झगझगीत दिवा येईपर्यंत मात्र घर साफ झालेले असेल. साथीच्या तपासणीचेही असेच आहे. येथे निदानाच्या सूक्ष्मतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळेचा प्रश्न आहे.

हे तत्त्व सर्वांत मोठ्या प्रमाणावर अंमलात आणून दाखविले ते इलिनॉय विद्यापीठाने. हे विद्यापीठ शिकागो शहराच्या दक्षिणेस दोनशेहून अधिक किलोमीटरवर, शॅम्पेन आणि अर्बाना या जुळ्या गावांत वसलेले आहे. तेथे हजारोंच्या संख्येने विद्यार्थी परतणार होते. तितक्यांची आठवड्यातून दोनदा तपासणी करावयाची तर नाकात काडी घालून नमुना घेण्याची रीत परवडणारी नव्हती. तीत प्रत्येक नमुन्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, आणि नमुन्यातील जनुकीय द्रव्य वेगळे काढण्यासाठी जी रसायने लागतात त्यांची त्या वर्षी जगभर टंचाई होती. तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन बर्क, पॉल हर्गनरोदर आणि त्यांचे सहकारी यांनी थुंकीची चाचणी सिद्ध केली. विद्यार्थ्याने एका नळीत थोडी लाळ टाकावयाची, बूच लावावयाचे आणि चालू लागावयाचे. प्रयोगशाळेत ती नळी ९५ अंश सेल्सियस उष्णतेत अर्धा तास ठेवीत. त्या उष्णतेने विषाणू निष्प्रभ होतो आणि त्याचे जनुकीय द्रव्य मोकळे होते. मग ते वेगळे काढण्याची खर्चिक पायरीच गाळता येते. या कामी त्यांनी पशुवैद्यक महाविद्यालयाच्या निदान-प्रयोगशाळेचा उपयोग करून घेतला. गुराढोरांच्या साथीत कळपाच्या कळप तपासण्याची सवय असलेल्या या खात्याला मोठ्या संख्येची भीती नव्हती.

या योजनेचे सूत्र तीन शब्दांचे होते: हेरणे, तपासणे आणि सांगणे. कोठे धोका अधिक आहे हे गणिताने हेरावयाचे, सर्वांना वारंवार तपासावयाचे, आणि निकाल त्वरित ज्याचा त्याला सांगावयाचा. निकाल मोबाइलवर कळे. ज्याची तपासणी ठरल्या वेळी झालेली आहे आणि जो निर्दोष ठरलेला आहे, त्यालाच इमारतीत प्रवेश मिळे. २४ ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू झाले. दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुने तपासले जाऊ लागले. सगळे शास्त्रशुद्ध होते.

आणि तरीही पहिल्या पंधरवड्यातच गाडी रुळावरून घसरली! पदार्थवैज्ञानिकांनी मांडलेल्या गणितात सबंध सत्रात मिळून बाधितांची संख्या काही शेकड्यांत राहील असा अंदाज होता. तो पहिल्या दोन आठवड्यांतच मागे पडला. कारण शोधता असे दिसून आले की, मुले मेजवान्यांना जमतील हे गणिताने धरले होते, मुखपट्टी पुष्कळदा हनुवटीवर राहील हेही धरले होते. परंतु आपण बाधित आहोत हे कळल्यावर कोणी बाहेर पडणार नाही, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात काही विद्यार्थी निकाल कळल्यानंतरही मेजवानीला गेले, काहींनी तर स्वतःच मेजवान्या दिल्या. आरोग्यखात्याचे दूरध्वनी काहींनी घेतलेच नाहीत. यंत्राने सत्य शोधून काढले होते. माणसाने ते दडविले.

विद्यापीठाने २ सप्टेंबर रोजी पदवीच्या विद्यार्थ्यांवर दोन आठवड्यांचे निर्बंध घातले: वर्ग, तपासणी, काम, वाणसामान आणि एकट्याने मोकळ्या हवेतला व्यायाम, एवढ्यापुरतेच बाहेर पडावे. नियम मोडणाऱ्यांवर कारवाईही झाली. संख्या उतरली आणि सत्र समोरासमोरच्या वर्गांसह पार पडले. पुढे त्या शास्त्रज्ञांनी आपला लेखाजोखा प्रसिद्ध केला, तो असा की, त्या सत्रात दहा लाखांहून अधिक चाचण्या झाल्या. विद्यापीठाशी संबंधित एकाही व्यक्तीला करोनामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले नाही, एकही मृत्यू झाला नाही. आणि भोवतालच्या शॅम्पेन जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाणही अपेक्षेच्या एक चतुर्थांशाहून कमी राहिले. हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आवारातल्या दक्षतेचा लाभ आवाराबाहेरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना झाला.

न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाने याच प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहिले. पीटर फ्रेझियर या गणितज्ञाच्या गटाने असा हिशेब केला की, विद्यापीठ बंद ठेवले तरी हजारो विद्यार्थी भाड्याच्या खोल्या घेऊन गावात राहावयास येणारच आहेत. विद्यापीठ बंद असेल तर त्यांना तपासणीची सक्ती करता येणार नाही. उघडे असेल तर करता येईल. म्हणून उघडे ठेवण्यातच कमी लागण होईल! वरवर पाहता उलटा वाटणारा हा निष्कर्ष माणसे प्रत्यक्षात कशी वागतात याच्या निरीक्षणातून आलेला होता. माणसांनी कसे वागावे असे आपल्याला वाटते, त्यावर तो आधारलेला नव्हता.

खर्च वाचविण्यासाठी कॉर्नेलने पाच जणांचे नमुने एकत्र तपासण्याची युक्ती वापरली. ही युक्ती जुनी आहे. रॉबर्ट डॉर्फमन या अर्थशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये, सैन्यात भरती होणाऱ्यांच्या रक्ततपासणीसाठी ती सुचविली होती. समजा, शंभर विद्यार्थी आहेत आणि त्यांत एकच बाधित आहे. एकेकाला तपासले तर शंभर चाचण्या लागतील. पाच-पाच जणांचे वीस गट केले आणि प्रत्येक गटाचे नमुने मिसळून तपासले, तर वीस चाचण्यांत एकोणीस गट निर्दोष ठरतील. उरलेल्या एका गटातील पाच जणांना पुन्हा एकेकटे तपासले की झाले. एकूण चाचण्या पंचवीस. आजार विरळा असतो तेव्हाच ही युक्ती लाभते. तो पसरला, की बहुतेक प्रत्येक गटात एखादा बाधित निघतो आणि दुहेरी काम होते. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनाही हे गणित आवडेल आणि समजेल.

मात्र कोणतीही युक्ती कायमची नसते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच कॉर्नेलमध्ये, विद्यार्थी-कर्मचाऱ्यांपैकी शेकडा ९७ जणांचे लसीकरण झालेले असतानाही, विषाणूच्या ओमिक्रॉन या नव्या अवताराने गाठले. ७ ते १३ डिसेंबर या एका आठवड्यात ९०३ जण बाधित निघाले. १४ तारखेला आवार बंद करून परीक्षा दुरून घेण्यात आल्या. तथापि बाधित विद्यार्थ्यांपैकी कोणालाही गंभीर आजार झाल्याचे तोवर आढळले नव्हते. लसीने आजाराची धार बोथट केली, लागण मात्र पूर्णपणे थांबली नाही. साथ बदलते, दक्षतेनेही तिच्याबरोबर बदलावे लागते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ही श्रीमंत देशाची कथा झाली; आमच्याकडे दिवसाला दहा हजार चाचण्या कोण करणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्या जवळची दोन उदाहरणे पाहू. डिसेंबर २०२० मध्ये मद्रासच्या आयआयटीत शंभराहून अधिक विद्यार्थी व कर्मचारी बाधित आढळले. त्या वेळी तेथे एरवीच्या मानाने अगदी थोडे विद्यार्थी होते. पण खाणावळ एकच चालू होती. वर्गात अंतर, प्रयोगशाळेत अंतर, आणि जेवायला मात्र सगळे एकाच ठिकाणी! जेवताना मुखपट्टी काढावी लागते, माणूस बोलतो, हसतो, आणि वेळही बराच मोडतो. दुसरे उदाहरण बेळगावच्या शेजारच्या धारवाडचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील एका वैद्यकीय महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा समारंभ झाला आणि त्यानंतर काही दिवसांत पावणेतीनशेहून अधिक जण बाधित निघाले. बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या, म्हणून आजार सौम्य राहिला. रोगशास्त्राची पुस्तके ज्यांच्या उशाशी असतात त्यांच्याबाबत हे घडले! ज्ञान असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत जे अंतर असते ते केवळ उपदेशाने भरून निघत नाही.

या दोन्ही उदाहरणांतून निघणारा पहिला धडा पैशाचा नाही, हवेचा आहे. करोनाचा संसर्ग मुख्यतः बंद जागेतल्या श्वासातून होतो. एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळात तिचा वास सबंध खोलीभर होतो. बाधिताच्या श्वासातील सूक्ष्म तुषारही तसेच पसरतात. खिडक्या बंद ठेवून डोक्यावरचा पंखा फिरविला तर तो तीच हवा घुसळतो, बाहेर घालवीत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील आणि एका बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा असेल, तर धोका पुष्कळच घटतो. हवा कोंदट आहे की नाही हे कार्बन डायॉक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्राने समजते. मोकळ्या हवेत तो वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. वर्गात तो ८०० च्या पुढे जाऊ लागला, की आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेत आहोत असे समजावे आणि खिडकी उघडावी. एका महाविद्यालयाने अशी दोन-तीन यंत्रे घेतली आणि शिपायाने ती फिरवून प्रत्येक खोलीची नोंद केली तरी पुरे. खाणावळीत एका पंगतीऐवजी तीन पंगती कराव्यात, शक्य तर व्हरांड्यात वा मांडवाखाली जेवण द्यावे, आणि वाढणाऱ्यांना चांगली मुखपट्टी द्यावी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा धडा त्या मागल्या खोलीचा आहे. आपल्याकडे साथीत वेगळे राहणे ही नवी गोष्ट नव्हे. १८९६ नंतर प्लेग फोफावला तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने त्या कथा सांगितलेल्या आहेत. पण तेव्हा माळावर सगळे कुटुंब एकत्र जाई; चूल बरोबर असे, आजी बरोबर असे. वसतिगृहातला मुलगा एकटा असतो. त्याला वेगळे ठेवावयाचे तर त्या वेगळेपणात शिक्षेचा वास येता कामा नये. खोली स्वच्छ हवी, तिला जोडून न्हाणीघर हवे. ताट वेळेवर आणि गरम यावे. वर्गातल्या टिपणांची प्रत त्याच्यापर्यंत पोहोचावी. दिवसातून दोनदा कोणीतरी ताप आणि प्राणवायूचे प्रमाण विचारावे, आणि त्याच दूरध्वनीवर दोन शब्द इकडचे तिकडचे बोलावे. त्याचे नाव फलकावर लावू नये. ज्यांचा त्याच्याशी निकट संबंध आला त्यांनाच, नाव न घेता, सावध करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजारामुळे परीक्षा बुडाली तर ती अमुक आठवड्यात पुन्हा घेतली जाईल, अशी लेखी सूचना सत्राच्या पहिल्याच दिवशी लावावी. या शेवटच्या सूचनेला एक कागद आणि चार टाचण्या एवढाच खर्च येतो.

शिक्षेचे काय? शिक्षेला जागा नाही, असे मी म्हणत नाही. आपण बाधित आहोत हे कळूनही जो समारंभाला जातो, त्याला जाब विचारलाच पाहिजे. इलिनॉयलाही ते करावे लागले. पण शिक्षा हाच पाया धरला तर काय होते? सप्टेंबर २०२० मध्ये बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने एका खोलीत एकत्र जमलेल्या ११ नव्या विद्यार्थ्यांना त्या सत्रातून काढून टाकले आणि भरलेले शुल्क परत देण्यासही प्रथम नकार दिला. त्याने जरब बसली असेल. परंतु अशा जरबेखाली राहणारा मुलगा, काल रात्री आपण कोणाकोणाबरोबर बसलो होतो, हे आरोग्यसेवकाला खरेखरे सांगेल काय? आणि ती नावे हाती आली नाहीत तर संपर्कातल्या माणसांचा शोध घ्यावयाचा तरी कसा? जरब माणसाला गप्प बसविते, आणि साथ नेमकी त्या गप्प बसण्यावर पोसली जाते.

म्हणून इलिनॉयच्या सूत्रातील तिसरा शब्द, म्हणजे सांगणे, मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो दुहेरी आहे. संस्थेने विद्यार्थ्याला सांगावयाचे: आज आपल्या आवारात किती बाधित आहेत, कोणता नियम का केला आहे, तो केव्हा उठेल. आणि विद्यार्थ्याने संस्थेला सांगावयाचे: मला आज ताप आहे, मी काल अमक्या-तमक्यांबरोबर जेवलो. पहिले सांगणे प्रामाणिक असेल तर दुसरे सांगणे आपोआप घडेल असे नाही, पण पहिल्यावाचून दुसरे घडत नाही एवढे खरे. जी संस्था स्वतःचे आकडे दडविते, तिने मुलांकडून सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. अंतराच्या खुणा फरशीवरून पुसट झाल्या, आणि लोकांना त्या दिवसांचा विषयही नकोसा झाला. हे स्वाभाविक आहे. परंतु श्वासातून पसरणारे आजार संपलेले नाहीत. साधा फ्लू दर वर्षी वसतिगृहांतून फिरतो, गोवर आणि गालगुंडही मधूनमधून डोके वर काढतात. पुढची मोठी साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण खिडक्या उघडतात की नाही हे आजच पाहता येते, आणि आजारी मुलासाठी एक बरी खोली आजच राखून ठेवता येते. साथ दाराशी आल्यावर मोडक्या खाटा हलवावयाला वेळ नसतो.

माझा तो विद्यार्थी आता नोकरीला लागला आहे. वर्षातून एकदा तो त्या मावशींना भेटावयास जातो. त्या त्याच्यावर रागावलेल्या नाहीत, असे तो सांगतो. पण सांगताना त्याची मान खाली असते. ते ओझे बावीस वर्षांच्या एकट्या मुलावर पडावयास नको होते. त्याचा काही वाटा त्या मागल्या खोलीचाही होता.

श्रोत्यांपैकी पुष्कळांची मुले येत्या जूनमध्ये निरनिराळ्या महाविद्यालयांत प्रवेश घेतील. आपण त्यांच्याबरोबर जाल, ग्रंथालय पाहाल, प्रयोगशाळा पाहाल, खाणावळीतली आमटी चाखून पाहाल. त्याच वेळी वसतिगृहाच्या अधीक्षकांना नम्रपणे एक गोष्ट विचारा: मूल आजारी पडले तर त्याला आपण कोठे ठेवता, ती खोली आम्हांला दाखवाल का? आणि आजारात परीक्षा बुडाली तर काय, हेही विचारून घ्या. दहा पालकांनी असे विचारले तर ती खोली झाडली जाईल. पन्नास पालकांनी विचारले तर तिला न्हाणीघरही मिळेल. आणि घरी परतण्यापूर्वी आपल्या मुलाला जवळ घेऊन सांगा की, ताप आला तर तो लपवू नकोस. परीक्षेचे आपण पाहून घेऊ.